एकही कार्ड सुटता कामा नये

जालिंदरनं पहार उचलली तेव्हा मला वाटलं, ती कम्प्युटरवर पडणार. ती पडली आमच्या हणमंतभावजींच्या हातावर. काच फुटू नये म्हणून भावजींनी काउंटरवर पंजा टेकला होता. काच फुटलीच, आणि काचेखाली मांडलेली मोबाईलची कव्हरं रक्तानं भरली.

"डिस्क कुठं हाय?" जालिंदर म्हणाला. आवाज अगदी साधा. एखाद्याला तंबाखू मागावी तसा.

"कसली डिस्क?" मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. पहार पुन्हा वर केली. भावजी गुडघ्यावर बसले होते, पण त्यांचा हात दोघांनी काउंटरवरच दाबून धरला होता.

"वहिनी, बोलू नगा," भावजी म्हणाले.

पहार दुसऱ्यांदा खाली आली. हाड मोडल्याचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. वाळलेली शेंग पायाखाली यावी, तेवढाच आवाज होतो. मी ओरडत पुढं झाले तर तिसऱ्यानं माझे केस मुठीत धरले आणि डोकं फळीवर आपटलं. मग कानाखाली अशी दिली की डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली. त्यानंतर बराच वेळ मला त्या शिट्टीशिवाय काही ऐकू आलं नाही.

बुधवार होता, आमच्या खरसिंगीच्या आठवडी बाजाराचा दिवस. दुपारचे तीन वाजले होते. दुकानाच्या दारात शंभरेक माणसं उभी राहून बघत होती. त्यातला एकही पायरी चढला नाही. मी त्यांना तेव्हाही शिव्या घातल्या होत्या, आजही घालते.

आता हे कसं ओढवलं ते सांगते. तेरा वर्षं झाली त्याला.

आमचं दुकान एसटी स्टँडच्या समोर. मालकांच्या वेळेला ते कॅसेटचं दुकान होतं. मालक गेले, मागोमाग कॅसेटही गेली, आणि मी आणि माझे धाकटे दीर हणमंतभावजी असे दोघं मोबाईलची मेमरी कार्डं भरून द्यायला लागलो. भावजींचं लग्न झालेलं नव्हतं. सांगितलेलं काम डोळे मिटून करायचं, न सांगितलेल्याला हात लावायचा नाही, असा त्यांचा स्वभाव. असा माणूस दुकानात असणं म्हणजे सोनं, असं मी सगळ्यांना सांगायची.

पहिलं कार्ड आलं ते एकशे अठ्ठावीस एमबीचं. त्यात तीसेक गाणी मावायची. गिऱ्हाईक बाकावर बसून एकेक गाणं आठवून आठवून सांगायचं. दोन वर्षांत दोन जीबी आलं, मग चार जीबी आलं, आणि निवडणं संपलं. "फुल्ल करा वहिनी, जागा दिसायला नगं," एवढंच सांगून माणूस बाजाराला निघून जायचा. थोडी जागा शिल्लक राहिली तर भांडायला यायचा, जणू मी मापात मारलं. सहाशे गाणी नेणारा माणूस ऐकायचा दहाच.

आमच्या धंद्याची एक रीत होती. कुठं लिहिलेली नव्हती, पण सगळे दुकानदार पाळायचे. कार्ड आलं की आधी त्यातलं सगळं आपल्या डिस्कवर उतरवून घ्यायचं, आणि मग आपली गाणी त्यात भरायची. नवी गाणी मिळायची ती अशीच, एकाच्या विहिरीतलं पाणी दुसऱ्याच्या हौदात. पण गाण्यांबरोबर माणसाचं सगळं घर यायचं. बारशाचे फोटो, बैलांचे फोटो, बायकोचे रुसलेले फोटो, आणि काही नको ते. चाळत बसायला वेळ नव्हता आणि तशी गरजही नव्हती. काउंटरखाली पाचशे जीबीची काळी डिस्क होती. गिऱ्हाईकाच्या नावाचं फोल्डर करायचं आणि सोडून द्यायचं. जागा आहे म्हटल्यावर माणूस काहीही ठेवतो. अख्खं खरसिंगी त्या डब्यात मावलं होतं आणि मला त्याचा गर्व होता. खोटं कशाला बोलू?

त्या सोमवारी सकाळी बिरू लेंगरेचं प्रेत माळावरच्या विहिरीत सापडलं. बिरू म्हणजे छबुबाईचा एकुलता एक लेक. बावीस वर्षांचा, मेंढरं राखणारा, बोलायला तिखट. नदीतली वाळू उपसून जालिंदरनं गावची पाण्याची विहीर कोरडी पाडली, असा अर्ज त्यानं वर दिला होता. दोनदा वाळूच्या ट्रॅक्टरसमोर आडवाही झोपला होता. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, आमच्या नदीत तर पाणीही उरलं नव्हतं. आदल्या रात्री दारू पिऊन पाय घसरला, असं चौकीतल्या जमादारानं लिहून टाकलं. बिरू दारू पीत नव्हता, हे जमादारालाही ठाऊक होतं.

आणि त्याच सोमवारी दुपारी जालिंदरचा पुतण्या सोन्या कार्ड भरायला टाकून गेला.

मंगळवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. नवी गाणी वेगळी काढावीत म्हणून मी सोन्याचं फोल्डर उघडलं. शेवटी एक व्हिडिओ होता, रविवारच्या तारखेचा, दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा. पोरांच्या कार्डात काय असतं ते मला माहीत होतं. म्हणून आधी स्पीकरची वायर उपसली आणि मग तो लावला.

नदीचं पात्र होतं. भर उन्हात ट्रॅक्टर उभा होता. बिरू वाळूत गुडघ्यावर बसलेला, पटका सुटून गळ्यात आलेला. तिघं खोऱ्याच्या दांड्यांनी त्याला मारत होते. शेतातलं काम करावं तसं, न चिडता, आळीपाळीनं. एक दमला की दुसरा पुढं यायचा. जालिंदर ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसून काकडी खात होता आणि हनुवटीनं दाखवत होता, आता पाय, आता पाठ. चित्रण करणाऱ्याची सावली वाळूवर पडली होती, आणि तिचे खांदे हसल्यासारखे हलत होते. शेवटच्या काही सेकंदांत बिरूनं मान वळवून सरळ मोबाईलकडं बघितलं. त्याचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग एक दांडा डोक्यात बसला आणि तो पालथा झाला.

मी आवाज लावला नाही. माझी छाती झाली नाही.

"सोन्यानं हे काढून कसं टाकलं न्हाय?" भावजींनी विचारलं. ते माझ्या पाठीमागं उभं राहून बघत होते.

"काढायचं कशाला? जागा होती की कार्डात," मी म्हणाले.

"वहिनी, चौकीत जाऊया."

मी रस्त्यापलीकडं बोट दाखवलं. चौकीच्या दारात जालिंदरची जीप उभी होती, आणि जमादार आणि तो एकाच कागदावरची भजी खात होते.

"मग जिल्ह्याला जाऊया. मोठ्या सायबाला दावूया."

"मोठा साहेब पहिला फोन ह्याच चौकीला लावणार, भावजी. आपण परत येईपर्यंत दुकान जळालेलं असेल. आणि ही चीज आहे कुठं? ह्या एका डब्यात. पहारीचे दोन घाव घातले की बिरू दारू पिऊनच मेला."

मी स्टँडकडं बघत राहिले. बाजाराला येणारी पाटीवाली माणसं मुक्कामाला उतरायला लागली होती, उद्याची जागा धरायला.

गाव करील ते राव काय करील! एक डबा फोडता येतो. दोनशे खिसे कोण फोडणार?

"भावजी, उद्या बुधवार आहे," मी म्हणाले. "जे कार्ड येईल त्यात हे टाकायचं. फोटोच्या फोल्डरात टाका, लोक आधी फोटोच उघडतात. म्हातारा असो, पोरगं असो, ओळखीचा असो, बिनओळखीचा असो. एकही कार्ड सुटता कामा नये. समजलं?"

"समजलं," भावजी म्हणाले. सहा एमबीचा व्हिडिओ, चार जीबीच्या कार्डात. परातभर कणकेत चिमूटभर मीठ, कुणाला दिसणारसुद्धा नव्हतं.

बुधवारी आठ वाजल्यापासून रांग लागली. आम्ही कार्ड घ्यायचो, कागदाच्या पुडीत घालायचो, वर नाव आणि गाव लिहायचो, आणि अदलाबदल होऊ नये म्हणून वहीतही नाव टिपायचो. गिऱ्हाईक बाजार करून आलं की पुडी परत द्यायची. मी पुड्या सांभाळत होते आणि भावजी कम्प्युटरवर बसले होते. त्यांची मान वर होत नव्हती.

दहाच्या सुमाराला छबुबाई आली. हातात काठी, पायात वहाणा नाहीत. रांगेतली माणसं न सांगता बाजूला झाली.

"शालन," ती म्हणाली, "माज्या बिरूचा फोटू हाय का गं तुज्याकडं? तुज्याकडं समद्यांचं असतंय म्हंत्यात. दहाव्याला लावाया घरात एक बी न्हाय. त्याचा मोबाईल बी विहिरीत गेला."

ह्या बाईच्या लेकाचं मरण माझ्या काउंटरखाली पडलं होतं, आणि ती माझ्याकडं त्याचा फोटो मागत होती.

"आहे मावशी. बसा तुम्ही," मी म्हणाले.

भावजींना बाजूला करून मी स्वतः कम्प्युटरवर बसले. आधी बिरूचं फोल्डर उघडलं, मग त्याच्या मित्रांची फोल्डरं धुंडाळली. अकरा फोटो निघाले. मोटारसायकलवरचा बिरू, खांद्यावर कोकरू घेतलेला बिरू, जत्रेत भंडाऱ्यानं पिवळा झालेला बिरू, डोळे मिटलेला एक. मी एकेक करून ते पडद्यावर लावले. छबुबाई पदर तोंडाला लावून बघत होती.

"कोकराचा लई चांगला हाय," ती म्हणाली. "तेवढाच घालतीस का समदं?"

"सगळे घालते की. जागा पुष्कळ आहे," मी म्हणाले.

तिचा मोबाईल म्हणजे मोठ्या स्पीकरचा चायना मोबाईल होता. गेल्या दिवाळीला बिरूनं माझ्याच दुकानातून आईसाठी नेलेला. त्यातलं कार्ड काढून मी पुडीत घातलं, वर 'छबुबाई लेंगरे' लिहिलं, अकरा फोटो एका ठिकाणी केले. तेवढ्यात दारात दोघांची पुडीवरून बाचाबाची सुरू झाली.

"भावजी, मावशींचं कार्ड घ्या. फोटो काढून ठेवलेत, ते घाला," असं सांगून मी भांडण सोडवायला गेले.

एक वाजता छबुबाईनं मोबाईल पदराच्या गाठीत बांधला आणि दोनच्या गाडीनं ती वाडीला गेली. जाताना माझ्या गालावरून हात फिरवून तिनं बोटं मोडली. मला फार बरं वाटलं.

तिकडं सोन्यानं काकाला व्हिडिओ दाखवला होता. शाबासकी मिळेल असं वाटलं असेल गाढवाला. काकानं आधी त्याला बडवला, व्हिडिओ काढून टाकायला लावला, आणि मग विचारलं, "हे कार्ड कुणाच्या हातात दिलं हुतंस का?" आमच्या दुकानाची रीत सोन्याला माहीत होती. ती साऱ्या तालुक्याला माहीत होती.

तर तीन वाजता ते पाच जण आले. पुढचं मी आधीच सांगितलं आहे.

भावजींच्या हातावर पहार दोनदा पडल्यावर जालिंदरनं सोन्याच्या मानेला धरून पुढं ढकललं. "दाव, कुठली?"

सोन्यानं काउंटरखाली बोट दाखवलं. "ही. काळी."

माझ्या कानात शिट्टी वाजत होती, पण ओठ हलताना दिसत होते. एकानं डिस्क वायरीसकट उपसली. जालिंदरनं ती दुकानाच्या दगडी पायरीवर ठेवली आणि पहारीनं ठेचली. एक, दोन, तीन... मी मोजले, सात घाव. आतली चकती चांदीसारखी चमकत होती, तिचे तुकडे गटारात गेले. मग कम्प्युटर गेला, मालकांचा फोटो गेला, गाण्यांच्या याद्या चिकटवलेला फळा गेला.

जालिंदर माझ्यासमोर उकिडवा बसला, तोंडाजवळ तोंड आणून. मला ऐकू येत नाही हे कळल्यावर त्यानं माझा उजवा कान धरून त्यात विचारलं, "आता काय हाय तुज्याकडं?"

"काही नाही," मी म्हणाले. तोंडात रक्त होतं. आणि मी खरंच बोलत होते, माझ्याकडं आता काही नव्हतं.

मी त्याच्या खांद्यावरून बाहेर बघत होते. गर्दीत एका पटकेवाल्यानं खिशातून मोबाईल काढला होता. चित्रण करावं म्हणून काढला असेल, मेला. त्याचा अंगठा कुठंतरी पडला असावा. तो पडद्यावर वाकला. शेजारचा वाकला. मग चार डोकी वाकली. दुसऱ्या कोपऱ्यात एका बाईनं पिशवीतून फोन काढला. मग तिसऱ्यानं काढला. आवाज मला येत नव्हता, पण जालिंदरला आला. त्याची मान गर्रकन वळली. त्याच्याच नदीचा, त्याच्याच माणसांचा आवाज त्याला बाजारातल्या दहा खिशांतून ऐकू येत होता.

माणसं मोबाईलकडं बघत होती, मग जालिंदरकडं बघत होती, आणि पुन्हा मोबाईलकडं.

मग पहिल्यांदा कोणीतरी पायरी चढलं.

त्यापुढचं मी सगळं बघितलं. मला डोळे मिटता आले असते, मी मिटले नाहीत. त्यांनी जालिंदरला पायाला धरून ओढत रस्त्यावर नेलं. भाजीच्या हातगाडीचे दांडे उपसले, वजनं उचलली, एका म्हातारीनं त्याच्या तोंडावर मिरचीची पाटी उपडी केली. सोन्या माझ्या काउंटरखाली शिरला होता. एकोणीस वर्षांचं पोर, माझ्या पायाला मिठी मारून बसलं. काय म्हणत होता ते मला ऐकू येत नव्हतं, दिसत होतं. "वहिनी, वहिनी." मी पाय झटकला. लोकांनी त्याला बाहेर ओढला, तेव्हा त्याची नखं माझ्या पोटरीत रुतली होती. त्याचा एक डोळा त्या दिवशी गेला. आणि वरून पन्नास मोबाईल हे सगळं टिपत होते. कुणाच्याच कार्डात जागेची कमी नव्हती.

मला बरं वाटलं होतं. आजही ते मला नाकारता येत नाही.

पोलिसांनी लाठ्या घालून सोडवलं तेव्हा जालिंदर आणि सोन्या जिवंत होते एवढंच. मग जिल्ह्याचे साहेब आले, जमादार निलंबित झाला. पुरावा दोनशे चौदा कार्डांत होता, दडपणार कसा? पुढं खटला चालून, पळालेल्या तिघांसकट पाचही जणांना जन्मठेप झाली. भावजींची तीन बोटं कापावी लागली, माझा डावा कान कायमचा गेला. गावानं त्याच पंधरवड्यात आम्हा दोघांचा सत्कार केला. शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि "शालनताईंनी न्याय मिळवून दिला" म्हणून भाषणं झाली. मीही मान ताठ करून बसले होते. गर्वाचं घर खाली म्हणतात. माझं त्या दिवशी माडीवर होतं.

बिरूचं तेरावं होऊन आठवडा झाला होता. दुकानाला नवी काच बसवत होतो. छबुबाई आली आणि पायरीवर बसली. त्याच पायरीवर, जिथं पहारीचे घाव अजून दिसत होते.

"या मावशी, चहा सांगते," मी उजवा कान पुढं करून तिच्याजवळ बसले.

"च्या नगं." तिनं पदराची गाठ सोडून मोबाईल काढला. "बुदवारी घरी गेले बग. दिवा लावला. म्हटलं पोराचं त्वांड बघावं. शेजारच्या पोरीनं बटन दावलं हुतं, दाबलं की फुडचा फोटू येतोय. गाडीवरचा आला. कोकराचा आला. जत्रंतला आला. डोळं झाकल्याला आला, त्येला जरा हासले बी. अकरा झालं. पुन्यांदा दाबलं..."

तिनं मोबाईल पायरीवर पालथा ठेवला.

"फुडचा फोटू हलाया लागला, शालन."

मी भावजींकडं बघितलं. ते हातातली काच तशीच धरून उभे होते. हाताला अजून पट्टी होती.

"वहिनी," ते म्हणाले, "तुमीच म्हनला हुता. एक बी कार्ड सुटता कामा नये."

मी म्हणाले होते. भावजींनी आयुष्यात कधी सांगितल्यावाचून काही केलं नव्हतं आणि सांगितलेलं कधी चुकवलं नव्हतं. दोनशे चौदा कार्डांतलं एक सोडा, एवढं सांगायला माझ्या तोंडातून चार शब्द निघाले नव्हते. मी भांडण सोडवायला गेले होते.

"मावशी..." मी तिचे पाय धरले.

"ऊठ गं. मला राग न्हाय," छबुबाई म्हणाली. "तू नसतीस तर माज्या लेकाला जनमभर दारुडा म्हनली असती समदी. तुजं उपकारच हायती. पर येक इचारू?"

"विचारा."

"हे काडता येतंय का?"

"येतं की, आत्ता काढते." मी तिचा मोबाईल घेतला. अकरा फोटो नीट जपून बारावं काढून टाकलं.

"गेलं?"

"गेलं मावशी."

"समद्यांच्यातनं?"

मी मोबाईल तिच्या हातात परत दिला.

"काल गिरणीत गेले हुते दळाया," ती खाली बघत म्हणाली. "पट्टा फिरत हुता, समदा आवाजच आवाज. आन् त्यातनं बिरूची हाक आली. 'आयं' म्हनला. दोनदा म्हनला. मी वळले आन् वराडले, 'ओ बाळा, आले'. गिरणी गप झाली. बगते तर कुनाच्या तरी पोराच्या हातात मोबाईल हुता." तिनं पदरानं नाक पुसलं. "मरताना त्यानं हाक मारली हुती, शालन. तू ऐकली नव्हतीस व्हय?"

मी स्पीकरची वायर उपसली होती. त्या बाजारात माझा कान फुटला होता. साऱ्या तालुक्यानं ऐकलेली ती हाक फक्त मी ऐकली नव्हती.

"नाही मावशी," मी म्हणाले.

"तर ते समद्यांच्यातनं काड. त्येंनी त्येला येकदा मारला. आता रोज मारत्यात. चावडीवर मारत्यात, गाडीत मारत्यात, च्याच्या टपरीवर मारत्यात. आन् बगून झालं की म्हंत्यात, पुन्यांदा लाव."

"काढते," मी म्हणाले. "सगळ्यांच्यातून काढते."

वही दंगलीत कपाटामागं पडली होती, ती शोधली. दोनशे चौदा नावं होती, गावांसकट. पुढच्या बुधवारपासून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाचं कार्ड मी मागायला लागले. काहींनी दिलं, काही हसले, एकजण म्हणाला, "वहिनी, तुमीच दिल्याली चीज, आता तुमीच काडताय व्हय?" मी वाड्यावस्त्यांवर गेले, यात्रेत गेले, ऊसतोडीच्या तळावर गेले. भावजी उरलेल्या दोन बोटांत पेन्सिल धरून एकेका नावावर काट मारायचे. वर्षभरात एकशे त्र्याण्णव नावांवर काट बसली. एकवीस जण सापडले नाहीत. कोणी मुंबईला गेलं, कोणी मोबाईल विकला, कोणी मेलं.

पण त्या दोनशे चौदांनी ते पुढं किती जणांना दिलं, ह्याची वही कुणाकडंच नव्हती. तोवर आठ जीबीची कार्डं आली होती, मग सोळाची आली. जुनं काढायची कुणाला गरजच उरली नव्हती. हे मी छबुबाईला कधी सांगितलं नाही.

ती दर बुधवारी यायची. चार वर्षं आली, मरायच्या आदल्या बुधवारपर्यंत. पायरीवर बसायची, कोकराचा फोटो काढून एकदा बघायची, पुढचं बटण दाबायची नाही. मग विचारायची,

"किती ऱ्हायलं गं, शालन?"

"एकवीस, मावशी."

"म्हंजी अजून एकवीस जागी मारत्यात," ती म्हणायची, आणि काठी टेकत उठायची.